वरच्या मजल्यावर कोणीतरी झोपलेले असते

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीने मला २०१३च्या ऑक्टोबरात शांघायला पाठवले, तेव्हा ह्वांगपू नदीकाठच्या झगमगत्या मनोऱ्यांखेरीज त्या शहराचे दुसरे कोणतेही चित्र माझ्या डोळ्यांसमोर नव्हते. प्रत्यक्षात पुढची जवळपास पाच वर्षे मी त्या मनोऱ्यांपासून बरीच दूर, ज्याशान रोडजवळच्या एका अरुंद गल्लीत, जुन्या घराच्या माडीवरच्या खोलीत राहिले. आमचा कारखाना सोंगज्यांग उपनगरात होता आणि मेट्रोची ९ क्रमांकाची मार्गिका तिथपर्यंत जात होती, एवढ्याच हिशेबाने ती जागा घेतली होती. त्या खोलीमुळे शहराचे रात्रीचे जीवन मला आधी रस्त्यावरून आणि मग खिडकीतून, अशा दोन्ही बाजूंनी पाहायला मिळाले. शांघायमधले बार आणि खानावळी यांविषयी ओळखीचे लोक अजूनही विचारतात, म्हणून हे लिहीत आहे. जागांची यादी मात्र देत नाही, कारण मी मनापासून सुचवल्या असत्या अशा निम्म्या जागा आता उरलेल्याच नाहीत.

शहराचा हा भाग १८४९ ते १९४३ या काळात फ्रेंचांच्या ताब्यात होता. रस्त्यांच्या दुतर्फा चिनाराच्या कुळातली उंच झाडे आहेत आणि त्यांच्या मागे लोंगतांग, म्हणजे आत शिरत जाणाऱ्या गल्ल्या आणि त्यांतली एकमेकांना चिकटलेली दोन-तीन मजली घरे आहेत. एका कुटुंबासाठी बांधलेल्या घरात पुढे चार-पाच कुटुंबे राहू लागली, स्वयंपाकघर सामाईक झाले, आणि खिडकीतून रस्त्यावर काढलेल्या बांबूंवर सगळ्यांचे कपडे वाळू लागले. गिरगावातल्या चाळीत ज्याचे बालपण गेले असेल, त्याला इथे काहीही समजावून सांगावे लागणार नाही. माझ्या घरमालकिणीला सगळे ‘आयी’ म्हणत. चिनी भाषेत मावशीच्या वयाच्या बाईला असेच हाक मारतात, आणि घरापासून इतक्या दूर दिवसातून दहा वेळा आपल्या तोंडून तो शब्द बाहेर पडणे, हे पहिल्या महिन्यात मला किती आधाराचे वाटले, ते आयींना कधी समजावून सांगता आले नाही.

माझ्या खोलीपासून योंगकांग रोड चालत सात-आठ मिनिटांवर होता. पूर्वी तो भाजीबाजाराचा रस्ता होता. मी गेले तेव्हा त्याच्या एका छोट्याशा तुकड्यात एका खोलीएवढ्या रुंदीचे बार एकमेकांना खेटून उभे होते, आणि आत जागा नसल्यामुळे सगळी गर्दी बाटल्या हातात घेऊन पदपथावर आणि रस्त्यावर उभी असे. गिऱ्हाईक बहुतेक परदेशी होते: फ्रेंच, ऑस्ट्रेलियन, अमेरिकन, आणि आमच्यासारखे कारखान्यांतून सुटून आलेले भारतीय. शुक्रवारी संध्याकाळी त्या रस्त्यावर उभे राहिले की शांघायमध्ये राहणारी निम्मी ओळखीची माणसे न ठरवता भेटत. रात्री दहानंतर बाहेर उभे राहायचे नाही, असा नियम होता. तो पाळला जावा म्हणून बारची पोरे गिऱ्हाइकांना आत ढकलत, आणि गिऱ्हाईक पाचव्या मिनिटाला पुन्हा बाहेर येई.

अशाच एका शुक्रवारी सव्वादहाच्या सुमारास माझ्या डोक्यावर वरून पाणी पडले. मान वर केली, तर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत रिकामे घमेले धरलेले एक आजोबा उभे होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागापेक्षा थकवाच अधिक होता. ते पाणी स्वच्छ होते, असे मी आजवर मानत आले आहे. त्या रस्त्यावर हे नवीन नव्हते. बार तळमजल्यावर आणि निवृत्त माणसे वर, अशी ती रचना होती. पाण्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतही येत असत. माझ्याबरोबरच्या मंडळींना त्याची मोठी गंमत वाटली आणि मीही हसले, पण घरी परतताना आमच्या आयी पहाटे पाचला उठतात, हे मला उगीचच आठवत राहिले.

इथे थोडे विषयांतर करून सांगायला हवे की ‘बारमध्ये जाणे’ ही कल्पना माझ्या चिनी सहकाऱ्यांपैकी थोड्यांनाच जवळची होती. त्यांच्या दृष्टीने दारू ही जेवणाच्या मेजावरची गोष्ट होती आणि न जेवता उभ्याने पीत राहणे हे काहीसे केविलवाणे होते. कंपनीचे जेवण संध्याकाळी सहाला सुरू होई. गोल मेज, त्यावर फिरणारी काचेची चकती, आधी थंड पदार्थ, मग गरम, आणि भात मागितलाच तर अगदी शेवटी. बायज्यू नावाची ज्वारीची जहाल दारू, जिच्यात अल्कोहोलचे प्रमाण अनेकदा ५० टक्क्यांच्या पुढे असते, अंगठ्याएवढ्या पेल्यांतून फिरत असे. ज्वारी म्हटल्यावर मला भाकरी आठवे आणि पहिल्या घोटाला ती आठवण जळून जाई. ‘कानपेइ’ म्हणजे पेला कोरडा करणे. पेल्याला पेला भिडवताना आपला काठ वडीलधाऱ्याच्या काठापेक्षा खाली धरायचा असतो, आणि दोघेही विनयशील असले तर दोन्ही पेले मेजाला टेकेपर्यंत खाली जातात. यातून सुटण्याचे सर्वांत उपयुक्त वाक्य मला आमच्या खरेदी विभागातल्या एका ज्येष्ठ बाईंनी शिकवले. समोरच्याला ‘मी संपवते, तुम्ही आपल्या मर्जीने घ्या’ असे म्हणायचे असते, आणि हे वाक्य समोरचा आपल्याला म्हणेल अशी व्यवस्था करायची असते. माझ्यासारख्या बाईला चहाने ‘कानपेइ’ करण्याची मुभा होती. पुरुष सहकाऱ्यांना ती सवलत सहसा मिळत नसे.

जेवणानंतर मंडळी एक तर घरी जात, नाहीतर केटीव्हीला, म्हणजे भाड्याच्या खोलीत दार लावून गाणी म्हणायला. नाइटक्लबमध्ये तरुण चिनी मुले जात, पण तिथेही मेज सुटत नसे. नाचण्याची जागा बेताची आणि तिच्याभोवती सोफे-टेबले अशी तिथली मांडणी होती. टेबल घ्यायचे तर किमान अमुक इतके पैसे खर्च करण्याची अट असे, आणि त्यात बाटली, फळांचे भलेमोठे ताट आणि फाशांचे डबे येत. व्हिस्कीत बाटलीबंद गोड ग्रीन टी मिसळून पिण्याची पद्धत मी तिथेच पहिल्यांदा पाहिली. फाशांचा खेळ थापा मारण्याचा असतो आणि हरणाऱ्याला प्यावे लागते. कानठळ्या बसवणाऱ्या संगीतात चार जण डोके खाली घालून फासे मोजत आहेत आणि नाचाच्या जागेवर प्रामुख्याने परदेशी आहेत, हे दृश्य मला कित्येकदा दिसले. त्या परदेशी लोकांचेही एक गणित होते. जागा ‘आंतरराष्ट्रीय’ दिसावी म्हणून क्लबचे दलाल परदेशी तरुण-तरुणींना फुकट प्रवेश आणि फुकट दारू देत असत. एका नामांकित क्लबच्या दलालाने आम्हा पाच भारतीयांनाही असेच बोलावले होते, पण दारावर आम्हाला पाहिल्यावर यादीत नावे सापडेनाशी झाली. आमच्या मागून आलेल्या, कोणत्याही यादीत नसलेल्या दोन सोनेरी केसांच्या मुली मात्र आत गेल्या. फुकटात मिळणाऱ्या दारूच्या अस्सलपणाबद्दल शहरभर बोलले जाई, त्यामुळे आमचे डोके तरी दुखले नाही, असे आम्ही एकमेकांना सांगितले. राग यायचा तो आलाच.

एका जागेबद्दल थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण तिचे नाते थेट आपल्याकडे पोहोचते. नदीकाठच्या वायतान रस्त्यावर हिरव्या तांब्याच्या निमुळत्या छपराचे पीस हॉटेल आहे. १९२९ साली ते कॅथे हॉटेल म्हणून सुरू झाले आणि ते बांधणारे सर व्हिक्टर ससून हे मुंबईच्या ससून घराण्यातले होते. कुलाब्याचा ससून डॉक, काळा घोड्याचे डेव्हिड ससून ग्रंथालय आणि पुण्याचे ससून रुग्णालय ज्या कुटुंबाच्या नावाने उभे आहे, तेच हे कुटुंब. व्हिक्टर यांचे आजोबा इलियास हे डेव्हिड ससून यांचे पुत्र, आणि व्यापारासाठी चीनमध्ये या घराण्यातले पहिले तेच गेले. तो व्यापार मुख्यत्वे अफूचा होता: माळव्यात पिकलेली अफू मुंबईच्या बंदरातून चीनला जात होती. पुढे मुंबईतल्या कापडगिरण्या आल्या, आणि १९२०च्या दशकात व्हिक्टर यांनी आपला पैसा मुंबईतून काढून शांघायच्या जमिनींत आणि इमारतींत घातला. त्या हॉटेलच्या तळमजल्यावर एक जॅझ बार आहे आणि १९८०पासून तिथे वयस्कर वादकांचा संच वाजवत आला आहे. मी गेले तेव्हा ट्रम्पेट वाजवणारे गृहस्थ ऐंशीच्या घरातले असावेत. पेयांचे दर पाहून मी एकच पेला मागवला आणि तो दीड तास पुरवला. डॉकवर मासळी उतरवणाऱ्या कोळणींचे आवाज ऐकत मोठ्या झालेल्या माझ्या आईला मी त्या रात्री फोनवर हे सगळे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे पैसा आपल्याकडचाच.” अफूचा पैसा कोणाकडचा म्हणायचा, हा प्रश्न मी फोनवर काढला नाही.

वायतानवरच्या बारमध्ये परगावचे पाहुणे आले की जावे लागे, पण शांघायचे खरे कौशल्य मला दडवलेल्या बारमध्ये दिसले. फूशिंग मध्य मार्गावरचा ‘स्पीक लो’ हा बार जपानी बारटेंडर शिंगो गोकान यांनी २०१४ साली सुरू केला. बाहेरून ते बारसाठी लागणाऱ्या उपकरणांचे, म्हणजे चमचे, मापे, गाळण्या यांचे दुकान दिसते, आणि पुस्तकांचे कपाट सरकवले की मागे जिना लागतो. २०१६ साली आशियातल्या पन्नास उत्तम बारची यादी पहिल्यांदा निघाली तेव्हा तो तिच्यात दुसरा होता. ही लपाछपी अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळाची नक्कल आहे, हे खरे. तरी मला तिच्यात आमच्या गल्लीपुरता एक व्यावहारिक शहाणपणा दिसे. ज्या बारला रस्त्यावर तोंडच नाही, त्याची गर्दी रस्त्यावर येत नाही, आणि वरची खिडकीही उघडत नाही. योंगफू रोडवरचा ‘द शेल्टर’ तर हवाई हल्ल्यापासून बचावासाठी खोदलेल्या तळघरात होता. २००७ ते २०१६ या काळात तिथे भिंतीतून पाणी झिरपत असताना इलेक्ट्रॉनिक संगीत वाजत असे. अंधार, ओल आणि धूर यांमुळे मी तिथे दोनदाच गेले, पण ज्यांनी तिथे रात्री घालवल्या ते अजूनही त्याचे नाव हळवे होऊन घेतात.

२०१५च्या वसंतात बाजू उलटली. माझ्याच खोलीच्या खाली, जिथे एक म्हातारे जोडपे राहत होते, तिथली रस्त्याकडची भिंत फोडून एका तरुणाने बिअरचे दुकान काढले. आठ स्टुले, एक फ्रिज, बाहेर चार खुर्च्या, एवढाच पसारा होता. जुन्या घरांची जमीन लाकडी फळ्यांची असते आणि तिच्यातून संगीतातले फक्त ढोलाचे ठोके वर येतात, बाकीचे गाणे खालीच राहते. मला सकाळी साडेसहाला निघायचे असे. तिसऱ्या आठवड्यात मी प्लास्टिकची बादली भरून खिडकीपर्यंत नेली होती, हे इथे कबूल करते. ओतली नाही, कारण खाली उभ्या असलेल्या मुलीने नेमके त्याच वेळी वर पाहून मला हात केला. दुसऱ्या दिवशी मी मालकाशी बोलले. त्याने दहानंतर स्पीकर बंद ठेवण्याचे कबूल केले, बऱ्यापैकी पाळलेही, आणि पुढे कधी पाऊस असला तर माझ्यासाठी नाक्यावरच्या नूडल्सचा डबा तोच घेऊन येई. आयी मात्र त्याच्याशी शेवटपर्यंत बोलल्या नाहीत.

२०१६च्या उन्हाळ्यात योंगकांग रोडवरचे बार बंद झाले. रहिवाशांच्या तक्रारींची दखल अखेर घेतली गेली होती. याआधी माओमिंग रोडवरच्या बारची हीच गत झाली होती, असे जुने लोक सांगत. एका रस्त्यावर जमाव फार झाला की तो उठतो आणि तीन-चार वर्षांत दुसरीकडे बसतो. या वेळी तो बराचसा जूलू रोडवरच्या ‘फाउंड १५८’ या जागी गेला. तिथे रस्त्याच्या पातळीखाली खोलगट चौक करून त्याच्याभोवती बार आणि हॉटेले बसवली आहेत. ढोलाचे ठोके वर कोणाच्या खाटेपर्यंत जात नाहीत, ही त्या खड्ड्याची खरी किमया आहे. मला ती जागा कधी आवडली नाही. तिथे ओळखीचे कोणी न ठरवता भेटत नाही. २०१७मध्ये शहरभर भिंती फोडून काढलेली दुकाने बंद करण्याची मोहीम निघाली आणि एका बुधवारी मी कामावरून परतले तेव्हा माझ्या खोलीखाली नव्या विटांची भिंत होती. सिमेंट अजून ओले होते. त्याच वर्षी १ मार्चपासून बंद जागांत धूम्रपानालाही बंदी आली होती, त्यामुळे निदान कपड्यांना येणारा वास गेला. ती रात्र इतकी शांत होती की मला झोप लागली नाही.

बार हलत राहिले, पण खाण्याच्या जागांपैकी काही तग धरून होत्या, आणि माझ्या आठवणींत त्यांचाच वाटा मोठा आहे. शंगज्येन बाओ, म्हणजे खालून खरपूस तळलेली, वरून वाफवलेली, तीळ आणि कांद्याची पात भुरभुरलेली डुकराच्या मांसाची गरगरीत पुरचुंडी, तिथे नगावर मागत नाहीत, तर ‘एक ल्यांग’ अशी मागतात. ल्यांग म्हणजे ५० ग्रॅम आणि तेही मांसाचे वा पुरचुंडीचे नव्हे, तर पिठाचे वजन. एका ल्यांगात चार नग येतात. पहिला घास घेण्याआधी बारीक छिद्र पाडून आतला रस ओढून घ्यायचा असतो. ज्यांनी तसे केले नाही त्यांच्या सदऱ्यांवर त्याचे पुरावे राहतात. मेट्रोची शेवटची गाडी साडेदहा-अकराला निघून गेली की टॅक्सी शोधण्याआधी लान्चोऊ नूडल्सच्या दुकानात बसायचे, हा आमचा रिवाज होता. ही दुकाने बहुतेक छिंगहाय प्रांतातले मुसलमान चालवतात, पीठ ओढून दोऱ्यासारख्या शेवया करतात, दारू विकत नाहीत, आणि मध्यरात्री त्यांच्याकडचा गोमांसाचा गरम रस्सा पोटात गेला की दुसऱ्या दिवशीची सकाळ सुसह्य होते.

शाकाहारी माणसाचे तिथे कसे होते, हा प्रश्न पुण्याहून हमखास येतो. आमचे एक सहकारी पूर्ण शाकाहारी होते आणि ‘मी मांस खात नाही’ हे चिनीत नीट सांगूनही त्यांच्या फरसबीवर डुकराचा खिमा भुरभुरून येत असे, कारण स्वयंपाक्याच्या मते ती चव होती, मांस नव्हे. त्याऐवजी ‘वो छ्र सू’, म्हणजे मी शाकाहार पाळतो, असे म्हटले की बौद्ध व्रत समजून लोक काळजी घेत. वांगी, बटाटा आणि ढोबळी मिरचीची ‘ती सान श्येन’ आणि बटाट्याच्या आंबट-तिखट काड्या यांवर त्यांनी दोन वर्षे काढली. नानजिंग रोडजवळ १९२२पासून चालत आलेले कोंगदेलिन हे शाकाहारी उपाहारगृह त्यांना मी दाखवले, तेव्हा सोयाबीनच्या पदार्थांना दिलेला बदकाचा आणि माशाचा आकार पाहून ते अस्वस्थ झाले. जेवले मात्र पोटभर.

मी रत्नागिरीची, त्यामुळे माझी अडचण निराळी, म्हणजे शरदातल्या खेकड्यांसमोर आवर घालण्याची होती. नवव्या चांद्रमासात मादी आणि दहाव्यात नर खावा, असा तिथे संकेत आहे. खेकडा नुसता वाफवतात, आल्याच्या काळ्या व्हिनेगरात बुडवतात आणि बरोबर शाओशिंगची तांदळाची पिवळी दारू कोमट करून पितात, कारण खेकडा प्रकृतीला थंड असतो. आमच्याकडे तोच खेकडा उष्ण समजतात आणि सर्दी झालेल्याला त्याचे कालवण देतात. मी हे आयींना सांगितले तेव्हा त्यांनी बराच विचार करून, तुमचे पाणी वेगळे असेल, असा निर्वाळा दिला.

२०२२च्या वसंतात शांघाय दोन महिने कुलूपबंद होते. १ जूनला लोक घराबाहेर पडले तरी हॉटेलात बसून जेवायला २९ जूनपर्यंत थांबावे लागले. तेव्हा मी पुण्यात होते आणि मित्रांचे निरोप वाचत होते. पदपथावर बसून, दुकानातून आणलेली बिअर पीत काढलेले त्यांचे फोटो पाहताना रस्ता मला चटकन ओळखता येत नव्हता.

२०२४च्या नोव्हेंबरात कामासाठी पुन्हा चार दिवस गेले. पैशांची नोटही कोणी घेत नव्हते, सगळे फोनवरच्या चौकटीवर चालले होते. आयी मुलाकडे राहायला गेल्या होत्या. योंगकांग रोड आता कॉफीचा रस्ता झाला आहे. तिथे एका दुकानाला दारच नाही, सिमेंटच्या भिंतीत एक भोक आहे आणि त्यातून अस्वलाचा केसाळ पंजा बाहेर येऊन कॉफीचा पेला हातात देतो. पंजामागचे कर्मचारी ऐकू न येणारे आहेत. २०२०च्या अखेरीस हे दुकान सुरू झाले तेव्हापासून तिथे रांग असते. मी कॉफी घेतली आणि जुन्या सवयीने समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिले. दुपारचे तीन वाजले होते, मोठ्याने कोणी बोलतही नव्हते. तेवढ्यात मानेवर पाण्याचा थेंब पडला आणि मी कॉफी सांडत दोन पावले बाजूला उडी मारली. वर बांबूवर कोणाची तरी फुलाफुलांची रजई वाळत होती.